कस

आमचं आडनाव पोतदार.
म्हणजे आमच्यातला कुणीतरी कधीकाळी
सरकारी खजिन्यात बसून नाणी पारखायचा.
सरकार गेलं, खजिना गेला,
आडनाव विजेच्या बिलावर उरलं.
मी सराफ्यात, गेलडांच्या पेढीवर,
अडतीस वर्षं काळ्या दगडावर चांदी घासतोय.

परवा दुपारी बायपासवरचा जेसीबीवाला आला, भेरूलाल.
टिफिनच्या खालच्या डब्यात
लोणच्याच्या तेलानं माखलेली बेचाळीस नाणी.
‘भिया, चांदी है क्या, इत्ता बता दो बस.’

नखाएवढी नाणी. एका बाजूला
टोकदार नाकाचा, मिशीवाला राजा,
दुसरीकडे टेकडी, चंद्र, सूर्य.
काठावरची अक्षरं मला येत नाहीत,
म्हणून संग्रहालयात विद्युल्लता मुळ्यांना फोन लावला.
(भेरूलालचं तोंड तिथेच उतरलं.)

त्या येईपर्यंत मी घासून घेतली.
काठानं, हलकीच, एकेक रेघ.
हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.
एक्केचाळीस रेघा सायीसारख्या.
बेचाळिसावीवर तेजाबाचा थेंब पडला
आणि ती हिरवी झाली.

बाई ओट्यावर बसून भिंगातून वाचत होत्या:
हा राजा, अमक्याचा मुलगा.
हा त्याचा भाऊ. हा पुतण्या.
आणि हा शेवटचा, पुन्हा कुणाचातरी मुलगा,
‘महा’ लावून.
नाक तेच. टेकडी तीच. चंद्रसूर्य जागच्या जागी.
पोटात तांबं.

शाळेत विचारायचे, साम्राज्यं का बुडाली?
पाच कारणं, पाच गुण.
परचक्र, दुष्काळ, नादान वारस,
पुढची दोन मी दर वेळी विसरायचो.
त्यातलं एक परवा
माझ्या दगडावर ओलं पडलं होतं.

कुणीतरी एका सकाळी मुशीत
चिमूटभर तांबं जास्त टाकलं असेल.
सीमेवरच्या शिपायांचा पगार थकला होता,
तेव्हा कारणही खरंच असेल.
कुणाला कळलं नाही.
न कळणं म्हणजेच परवानगी, असं धरून
पुढच्या वर्षी दोन चिमटी.
दारात हत्ती झुलत होते,
भाटांचा आवाज तर वाढलाच होता.

कळलं असेल ते तीळ विकणाऱ्या एखाद्या बाईला.
तिनं नाणं दाताखाली धरलं,
काही बोलली नाही,
फक्त माप जरा आखडतं भरलं.
संपलं ते तिथे.
घोडेस्वार नंतर आले, नुसते कळवायला.

‘लोक चांगलं नाणं पुरतात, वाईट चालवतात,’
बाई पंचनाम्यावर सही करता करता म्हणाल्या.
‘मग हे एक वाईट कशाला पुरलं असेल?’
मी चहा सांगितला.

मला ठाऊक होतं. माझ्याच धंद्यातला होता तो.
दरबारात उभं राहून बोलायची छाती नव्हती,
बायकापोरं होती,
म्हणून मडक्याचं तोंड बांधण्याआधी
सगळ्यात वर एक नमुना ठेवला
आणि मातीला सांगून मोकळा झाला.

आठ वाजता शटर पडलं.
ओट्यावर गराडूवाल्याची कढई चढली,
दिवसा जिथे चांदी तोलतो
तिथे रात्री लिंबू पिळतात.
मी चपला घालून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

गेल्या दिवाळीत धाकटे गेलडा म्हणाले होते,
‘काका, पैंजणांत दोन टक्के इकडेतिकडे.
छाप तोच राहू द्या.
कारागिरांचे पगार द्यायचेत.’
पगार खरंच द्यायचे होते.
मी छाप मारला.

त्यातली एक जोडी मी विकत घेतली, रीतसर पावती करून.
घरी ज्वारीच्या डब्यात, तळाशी ठेवली आहे.
परवा पीठ दळायला काढताना सुनेच्या हाताला लागली.
‘बाबा, हे पैंजण कुणाचे?’
मी म्हटलं, राहू दे तिथेच.
वरून ज्वारी ओत.